अनसूयाबाईचं पाणी

मुळशीत खोलीला सगळ्यात चढं भाडं कधी मिळतं, हे इथल्या कुठल्याही रिसॉर्टवाल्याला विचारा. तो झोपेतही सांगेल, धरण भरत आलं, डोंगरावरून पाणी पडायला लागलं आणि पुण्याच्या गाड्या ताम्हिणीच्या रस्त्याला रांगेने लागल्या की. आता भाताची लावणी करून इथल्या बाईची कंबर कधी मोडते आणि पायांची चाळण कधी होते, ते विचारा. त्याच दिवसांत.

या एका गाठीवर आमचं निसर्गोपचार केंद्र उभं होतं आणि ती गाठ सुटली तेव्हाच ते माझ्यासाठी संपलं. इमारत अजून आहे. पाटी तर नवीकोरी आहे. मी तिथली व्यवस्थापक होते. मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. मी ते घेऊन दुकानात गेले, किंमत विचारली आणि तशीच परत आले. माझ्या नोकरीची किंमत काय धरली ते कळलं.

संपादक म्हणाले, "ताई, छोट्या संस्थेसाठी पैसा कसा उभा करायचा यावर लिहा, लोकांना प्रेरणा मिळेल." प्रेरणा हवी असेल त्यांनी पान उलटावं. पुढे पाककृती असतील.

मी धरणाकाठच्या एका बौद्धवाडीतली. शिक्षण दहावीपर्यंत, तेही गणितात पैकीच्या जवळ आणि इंग्रजीत नापास. नवरा ट्रकवर होता, घाटात गेला. मी मुळशीतली भाजी टेम्पोने कोथरूडला नेऊन विकायला लागले. आधी डोक्यावरच्या पाटीतून, मग गाड्यावर, मग रिसॉर्टांना घाऊक. भाव करणं हा माझा धंदा आहे आणि स्वभावही. माझा राग मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. पण राग आणि भाव हे दोन्ही वेळेवर आले तर माणूस फसत नाही.

केंद्राला मी कोहळा आणि दुधी द्यायची. डॉक्टर, म्हणजे ज्यांनी हे केंद्र सुरू केलं ते, मी जो भाव सांगेन तो देऊन टाकायचे. पहिल्यांदा बरं वाटलं. नंतर राग यायला लागला. एक दिवस मी म्हणाले, "डॉक्टर, जरा घासाघीस करा की! मी तुम्हाला कोथरूडच्या भावाने कोहळा विकतेय आणि कोहळा तुमच्या कुंपणापलीकडच्या शेतातला आहे. असं घेत राहिलात तर संस्था बुडेल."

ते शांतपणे म्हणाले, "मला जमत नाही. मग तुम्हीच या करायला."

मी पगारावर घासाघीस केली आणि लागले.

निसर्गोपचार म्हणजे काय, हे माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. औषध नाही. पोटावर मातीची पट्टी, टबात कमरेपर्यंत पाणी भरून बसणं, वाफ, मालिश, कोहळ्याचा रस, उपास आणि पेज. डॉक्टर कधी कुणाला "बरा करीन" म्हणाले नाहीत. जे आपलं काम नाही ते ओळखून मोठ्या दवाखान्यात पाठवायचे, स्वतः सोबत जायचे. उरलेल्यांना ते म्हणायचे, शरीराला सुट्टी द्या. दहाबारा खोल्या, एक स्वयंपाकघर, मालिशवाल्या चार बायका आणि मी.

आता पैसा. दवाखान्यात यंत्र घ्यायचं म्हटलं तर देणगीदार सापडतो. यंत्राला तोंड असतं, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढता येतो. चिखलाला कोण देणार? माती, पाणी, ऊन, उपास, यातल्या एकाचंही उद्घाटन होत नाही. आणि भिंत बांधायला पैसे देणारा माणूस ती भिंत झाडणाऱ्या बाईच्या पगाराला देत नाही. वीज, सरपण, पगार, गटार साफ करणं, याला आम्ही चालू खर्च म्हणतो. सगळ्या छोट्या संस्था या चालू खर्चाने मरतात. इमारतीच्या कमतरतेने मेलेली संस्था मी पाहिलेली नाही.

त्यामुळे माझं काम एकच होतं. माणसाला जे द्यायचंय त्यावरून हलवून आम्हाला जे हवंय त्यावर आणायचं.

बावधनचे एक बिल्डर होते. आईच्या स्मरणार्थ संगमरवरी बाकं द्यायला आले. बाकांवर नाव कोरायचं, बागेत ठेवायची.

मी म्हणाले, "साहेब, आमच्याकडे पाऊस आडवा येतो. तुमच्या संगमरवरावर शेवाळ चढेल. पहिलाच म्हातारा घसरला की तुमच्या मातोश्रींच्या नावाने ओरडेल. मला बंब द्या."

"बंब?"

"लाकडावरचा मोठा बंब. सगळ्या टबांना एकदम गरम पाणी गेलं पाहिजे."

"आणि माझ्या आईचं नाव बंबावर टाकू? लोक हसतील, बाई."

"लोक बाकावरचं नाव वाचतात आणि मग त्याच्यावरच बसतात. ते चालतं का?"

 ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. बंब कबूल झाला. मी लगेच वर्षभराच्या लाकडांचा विषय काढला. ते म्हणाले, "बाई, आता उठा." मी लाकडं घेऊनच उठले. बंबावर पितळी पाटी लागली, 'कै. अनसूयाबाई यांच्या स्मरणार्थ'. आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसलं. केंद्रातली बाईन् बाई सकाळी उठली की विचारायची, "अनसूयाबाईचं पाणी आलं का?" बिल्डर एकदा येऊन हे ऐकून गेले. त्यानंतर सरपणासाठी मला त्यांच्याकडे तोंड वेंगाडावं लागलं नाही.

पैसे देऊन येणारे पुण्याचे पाहुणे वर्षभर असायचे. त्यांच्यावर संस्था चालायची. त्यांतही नमुने. बाणेरच्या एका गृहस्थांनी निघताना हिशोब मांडला, "मला तुम्ही नुसतं पाणी आणि रस दिला. जेवणाचे पैसे वजा करा."

मी म्हणाले, "तुम्हाला उपाशी ठेवायला मी एक माणूस तुमच्या मागे लावला होता. तरी तुम्ही फाटकापाशी वडापावच्या गाडीवर सापडलात. जेवायला घालणं सोपं असतं, साहेब. उपाशी ठेवायला माणसं लागतात. त्यांचा पगार कोण देणार?"

पूर्ण पैसे भरले. जाताना वडापाव घेऊनच गाडीत बसले.

हे सगळं मी करत होते ते एका गोष्टीसाठी. केंद्राचा एक पंधरवडा होता. लावणी उरकली की पंधरा दिवस सगळ्या खोल्या आजूबाजूच्या वाड्यांतल्या लावणीच्या बायकांसाठी. पाहुणे बंद. ज्यांनी भात लावलेलं पाहिलं नाही त्यांना सांगते, बाई दिवसभर चिखलात वाकून उभी असते, उलटं चालत रोपं खोचते, पाठीवर पाऊस. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, म्हणजे कातडी कुजून भेगा पडतात. रात्री पाय कुठे ठेवावा कळत नाही. आणि घरी गेल्यावर चूल तिचीच वाट पाहत असते. डॉक्टरांनी पहिल्याच पावसाळ्यात हे पाय पाहिले आणि ठरवलं. कडुनिंबाचा पाला घातलेल्या गरम पाण्यात पाय, मग तेल, पाठीला शेक, आयतं ताट आणि झोप. कुणी उठवायचं नाही.

पहिल्या वर्षी खोल्या भरल्या. दुसऱ्या वर्षी दोनतीन बायका आल्या. डॉक्टर कासावीस झाले. "काही चुकलं का आपलं?"

मी हिराबाईकडे गेले. हिराबाई आमच्याच वाडीतली, माझ्याहून चार पावसाळे मोठी. लावणीची टोळी तिच्या हाताखाली. तिची टोळी म्हणजे सगळ्या आळ्यांच्या बायका, मराठ्यांच्या, आमच्या, कातकऱ्यांच्या. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. पायांना कापडं गुंडाळलेली.

"आक्का, आली का न्हाईस गं?"

"न्हाई येत."

"का? गेल्या साली बरं न्हाई वाटलं?"

"लई बरं वाटलं. घरी आले तर सासू म्हनली, कुनाच्या दारात फुकट पाय धुवून आलीस? मला काय उत्तर सुचंना." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "शालन, माझ्या आज्यानं गावची भाकर मागायची सोडली. उपाशी राह्यला, पन सोडली. तुझ्या बी आज्यानं सोडली. इसरलीस व्हय?"

मी विसरले नव्हते. बाहेरच्यांना सांगते. आजोबांच्या पिढीपर्यंत आमच्या माणसांनी गावाची कामं राबायची आणि संध्याकाळी दारोदार फिरून उरलीसुरली कोरभर भाकरी मागून आणायची, अशी रीत होती. धम्म घेतला तेव्हा ती रीत टाकली. भाकरी गेली, पण हात पसरणंही गेलं. टोळीतल्या बाकीच्या बायकांची कारणं वेगळी असतील, पण मान सगळ्यांची तेवढीच ताठ होती. हे मला त्या ओट्यावर कळलं आणि मी माझ्या धंद्यावर आले.

"मग काय देतीस?" मी विचारलं.

तिच्या चेहऱ्यावर एकदम जान आली. "काय पायजे?"

"भात निघालं की तांदूळ. बाईमागं पायली. शीग लावून."

पायली म्हणजे धान्य मोजायचं मोठं माप. काठोकाठ भरून वरून हात फिरवला की सपाट माप. काठाच्या वर टेकडीसारखा ढीग राहू दिला की शीग.

"पायली? पान्यात सोनं घालतुया का तुमचा डाक्तर? अदुली देईन." अदुली म्हणजे तिच्या निम्मं.

"अदुलीत नुसता अंगठा भिजंल, आक्का."

"तुझी जीभ हाय का चाकू?"

दोनदा चहा झाला. शेजारच्या बायका येऊन बसल्या आणि तिच्या बाजूने भांडायला लागल्या. शेवटी ठरलं, बाईमागं पायली, सपाट, पण तांदूळ आंबेमोहोर, जाडा नाही. मी उठले तेव्हा हिराबाई कापडं गुंडाळलेल्या पायांवर उभी राहून मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. बाकीच्या बायका तिसऱ्या दिवसापासून यायला लागल्या.

डॉक्टरांना आधी रुचलं नाही. "यांच्याकडून घ्यायचं?"

"घेतलं नाहीत तर त्या येणार नाहीत," मी म्हणाले. त्यांना कळलं. शिकलेला माणूस असूनही लवकर कळलं, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

भात निघाल्यावर हिराबाई पहिली पायली घेऊन आली, ती शीग लावून. मी म्हणाले, "सपाट ठरलं होतं."

"व्हय. वरचं तुझ्या तोंडावर माराया आनलंय."

त्यानंतर दरवर्षी तसंच. तांदूळ यायचा, सगळ्यांचा, शिगेसकट. वर्षभर केंद्रात पुण्याचे पाहुणे जी पेज प्यायचे आणि "काय सुगंध आहे" म्हणायचे, ती या पायांच्या बदल्यात आलेली होती. विश्वस्तांपैकी कुणी ना कुणी दर वर्षी बैठकीत म्हणायचा, ऐन हंगामात पंधरा दिवस खोल्या अडकवून ठेवणं परवडत नाही. खोटं नव्हतं ते. परवडत नव्हतंच. तो खड्डा मी बाकीच्या वर्षात भरायचे. गॅसवाल्याशी भांडून, कापडवाल्याकडून सोलापुरी चादरी काठ खराब झालेल्या मालाच्या भावात आणून, देणगीदारांना बाकांवरून बंबावर आणून. डॉक्टर बैठकीत एवढंच म्हणायचे, "तो पंधरवडा आहे म्हणून बाकीचं वर्ष आहे." विषय संपायचा.

कोरोनाच्या काळात डॉक्टर गेले.

त्यांचा पुतण्या निखिल सचिव झाला. बावधनला राहतो, हिंजवडीत नोकरी. मुलगा वाईट नाही. मला ताई म्हणतो, पाया पडतो. पण त्याला तक्त्यात न बसणारी गोष्ट दिसत नाही. केंद्राची गंगाजळी तेव्हा आटली होती, हे खरं आहे. दोन वर्षं पाहुणे नव्हते, पगार थकले होते. निखिलने धावपळ करून एका कंपनीचा सामाजिक निधी मिळवायचं जमवलं. रक्कम मोठी होती. मीच पेढे वाटले.

मग कंपनीच्या मॅडम आल्या. रिद्धिमा मॅडम. तरुण, हसऱ्या, पायात पांढरे बूट. त्यांना पंधरवडा फार आवडला. "हेच तर आम्हाला हवंय! ग्रामीण महिला, पारंपरिक शेती, आरोग्य." सगळं पाहून झालं, स्वयंपाकघरात कोठीपाशी आलो. मी अभिमानाने कणगीतला तांदूळ ओंजळीत घेऊन दाखवला आणि तो कुठून येतो ते सांगितलं.

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण पेन थांबलं. "ताई, इट्स सो स्वीट. पण ऑडिटला चालणार नाही. चावल लेना मतलब फी लेना. आमची अट असते, लाभार्थीकडून पैसे किंवा वस्तू, काहीच घ्यायचं नाही."

"फी नाही ती. देणगी समजा."

"लाभार्थी देणगीदार कसा असेल?"

"का नसेल?"

त्यांनी निखिलकडे पाहिलं. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मॅडम गेल्यावर मी आणि निखिल बागेत उभे होतो. तो म्हणाला, "ताई, पायलीभर तांदळासाठी आपण एवढा मोठा निधी सोडायचा? जरा प्रॅक्टिकल व्हा. हवं तर आपण उलट त्यांना तांदूळ देऊ. घरी जाताना प्रत्येकीला पाच किलोची पिशवी."

"अरे, तांदूळ त्यांच्याकडे आहे! त्यांना तो द्यायचा असतो. दिल्याशिवाय त्या येत नाहीत. काकांना विचार... काका असते तर विचारता आलं असतं."

"फुकट मिळालेलं कोण नाकारतं, ताई?"

मी मोठ्याने बोलले. मालिशच्या बायका खोल्यांतून बाहेर आल्या इतक्या मोठ्याने. मी त्याला सांगितलं की कंपनीशी भाव कर, अट बदलून घे, निम्मी रक्कम घे पण तांदूळ राहू दे. आयुष्यभर मी देणाऱ्याला त्याच्या जागेवरून हलवलंय, एक अट हलवणं म्हणजे काय. तो म्हणाला, "ताई, कॉर्पोरेटमध्ये असं भाव करत नसतात." त्याने सही केली. मला न सांगता, दुसऱ्या दिवशी.

लावणी उरकत आली तशी मी हिराबाईकडे गेले. दुसरा इलाज नव्हता. खोल्या रिकाम्या राहिल्या तर पुढे काय होणार ते मला दिसत होतं.

"आक्का, या साली तांदूळ नको म्हनत्यात. कंपनी पैसं देनार हाय. तेवढं एक साल ये, टोळीला घिऊन. पुढचं मी बघते."

ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "तू कोथरूडला भाजी इकायचीस."

"व्हय."

"फुकट वाटलीस कदी?"

"न्हाई."

"का गं?"

 उत्तर तिला माहीत होतं, मीच कधीतरी सांगितलेलं. फुकट दिलेली भाजी गिऱ्हाईक नासकी समजतं, आणि घेणारा स्वतःलाही नासका समजायला लागतो.

"मग?" ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

आयुष्यात मी हरलेला हा एकच सौदा. समोर माझाच माल होता.

पंधरवडा आला. बंब पेटला, पाला उकळला, टब मांडले. कुणी आलं नाही. दोन म्हाताऱ्या चुकून आल्या, त्यांना अट ठाऊक नव्हती; तांदळाचं कळल्यावर त्याही गेल्या. आणि कंपनीचा फोटोवाला यायचा दिवस तर ठरलेला. निखिलने नेऱ्याच्या एका बांधकामावरून गाडी भरून बायका आणवल्या. झारखंड, छत्तीसगडच्या. बिचाऱ्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं. त्यांना रांगेत बसवलं, पाय टबात घालायला सांगितले. त्यांचे पाय सिमेंटने फुटलेले, चिखलाने नव्हे. पण फोटोत कुणाला कळतं? त्यांतली एक माझा पदर ओढून हळूच म्हणाली, "दीदी, इसका पैसा कटेगा क्या?"

मी म्हणाले, "नहीं कटेगा." तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. शहाणी होती.

ते फोटो कंपनीच्या अहवालात छापून आले. खाली लिहिलं होतं, भातशेतीतील महिला. निधी आला. त्यातून दोन खोल्यांना वातानुकूलन झालं, मुळशीच्या पावसात. स्वागतकक्षाला लाकडी छत झालं, पाटी बदलली. पुढच्या वर्षी कंपनीने विषय बदलला, आरोग्य सोडून संगणक साक्षरता घेतली, आणि निधी बंद. एवढंच. एक वर्ष. त्या एका वर्षासाठी ते केलं होतं.

निधी गेला तशी मी बैठकीत म्हणाले, झालं गेलं, आता अट नाही, तांदूळ सुरू करा, मी टोळीला आणते. निखिलने तक्ता पडद्यावर लावला. गेल्या वर्षीच्या पंधरवड्यात वाड्यांतून आलेले लाभार्थी शून्य. त्याच तारखांना शेजारच्या रिसॉर्टचा खोलीचा भाव. मग तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "ताई, तुमची भावना कळते. पण गरज असती तर त्या आल्या असत्या ना?"

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी टेबलावर ठेवला असं मी म्हणते. आपटला असं ते म्हणतात. फुटला, यावर एकमत आहे. मी बरंच बोलले. कुणाच्या पायांवर ही इमारत उभी आहे ते बोलले, त्या फोटोतले पाय कुणाचे ते बोलले. विश्वस्त खाली बघत होते. एक जण म्हणाले, "शालनताई, आता तुम्हीही विश्रांती घ्यायला हवी." संस्थाच विश्रांती देणारी. शाल तयारच असावी, इतक्या लवकर आली.

बंबही गेला, गॅसचा गीझर आला. पितळी पाटी भंगारवाल्याच्या टेम्पोत दिसली. मी त्याच्याशी भाव करून ती सोडवली. बिल्डर साहेबांना कळवलं नाही. कोणत्या तोंडाने कळवणार?

आता केंद्राला केंद्र म्हणत नाहीत. नवं नाव इंग्रजीत आहे, मला नीट म्हणता येत नाही. गेल्या पावसाळ्यात मी त्या रस्त्याने जात होते. कुंपणापलीकडच्या खाचरात गर्दी दिसली. पुण्याची माणसं, गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या पँटी, डोक्यावर नवीकोरी इरली, हातात भाताची रोपं, आणि एक जण मोबाइलवर चित्रण करतोय. पाटी होती, 'लावणीचा अनुभव'. पैसे भरायचे, अर्धा तास रोपं खोचायची, मग केंद्रात जाऊन कडुनिंबाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचं. आमचा पाला, आमचे टब. बांधावर कमरेवर हात ठेवून हिराबाई उभी होती. ती त्यांना शिकवत होती.

"आरं दादा, मुळी खाली! पाला खाली घालून उगवनार हाय का ते?"

माझं डोकं फिरलं. लोक गेल्यावर मी बांधावर गेले. "आक्का, तू हितं?"

"मजुरीला हाय. दीडपट लावलीया. त्यो निखिल नेहमीची देतु म्हनत व्हता, म्हनलं, भात लावायची ती मजुरी. येड्यांकडनं लावून घ्यायची न्यारी."

मला हसू आलं, रागातही आलं. मग मी तिच्या पायांकडे पाहिलं. वय झालंय, तरी या दिवसांत आधी लोकांची लावणी, मग हे. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या.

"ते तितं टबात पाय घालून बसल्यात. तुला न्हाई म्हनले का?"

"म्हनले की. पोरगी आली व्हती पुसाया. मावशी, तुमी बी बसा, तुमच्याकडनं काय घ्यायचं न्हाई, फुकट हाय." ती खाचरात थुंकली. "म्हनून न्हाई बसले."

मी तिला माझ्या घरी आणलं. पौडला माझं दोन खोल्यांचं घर आहे. मोरीत चूल मांडलेली आहे, वर ती पितळी पाटी ठोकली आहे. पाणी तापवलं, पाला घातला, घंगाळात ओतलं. हिराबाईने पाय आत सोडले, डोळे मिटले.  एक बाई, एक घंगाळ. टोळीतल्या बाकीच्या बायका त्या संध्याकाळी पायांना कापडं गुंडाळून चुलीपुढे बसल्या असतील, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे ना खोल्या, ना सरपण, ना बंब.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "भात निगालं की पायली घिऊन येते."

"शीग लावून आण."

डोळे उघडले. "सपाट ठरलंय आपलं."

"ते संस्थेचं ठरलेलं. हे माझं पानी हाय."

"एका घंगाळाला शीग? लुटाया बसलीस व्हय गं?"

"परवडत नसंल तर काढ पाय."

तिने पाय काढले नाहीत.